साहेब, फक्त कवेलू बदलायचे आहेत

ज्यांच्या ज्यांच्या टेबलावर जुन्या घराच्या दुरुस्तीची फाईल येते त्या सगळ्यांना,

नमस्कार. वर कोणाचं एकाचं नाव टाकलं नाही, कारण ही फाईल नक्की कोणाची हेच मला अजून समजलेलं नाही. पहिल्या ऑफिसात सांगतात आधी दुसरीकडचं पत्र आणा, दुसरीकडचे म्हणतात हेरिटेज समितीची शिफारस झाल्याशिवाय आम्ही हात लावत नाही, आणि समितीपुढे विषय जायचा तर पहिल्या ऑफिसचा अहवाल लागतो. म्हणून मग सगळ्यांनाच लिहून राहिली आहे. साइटवर येणाऱ्या ज्युनियर इंजिनियरपासून तर समितीत बसणाऱ्या आर्किटेक्ट सर-मॅडमपर्यंत, आणि मंत्रालयात बसून नियमावलीत एकेक शब्द घालणाऱ्यांनासुद्धा. ज्याचं असेल त्यानं घ्यावं.

आमचं घर नागपूरच्या महाल भागात आहे, गांधीगेटच्या आत, जुनी माणसं अजून त्याला जुम्मा दरवाजाच म्हणतात. घराचं नाव हेरिटेजच्या यादीत लागलं आहे, ग्रेड तीन. म्हणजे तिथं कोणी राजा राहिला नाही, कोणती सभा झाली नाही, पाटी लावावी असं काही घडलं नाही. गल्लीला जो एक चेहरा आहे त्यात आमच्या सपरीच्या (पुढच्या ओसरीच्या) खांबांचा आणि वरच्या सज्जाचा थोडा वाटा आहे, एवढंच. मला त्याचा अभिमान आहे, हे आधीच सांगते, नाहीतर पत्र अर्धं वाचून कोणीतरी म्हणेल की हिला बिल्डरला द्यायचं आहे म्हणून ओरडून राहिली. द्यायचं असतं तर एवढं लिहायची गरजच नव्हती, गप्प बसून दोन-चार पावसाळे वाट पाहिली असती. ते कसं, ते पुढे सांगते.

आधी काम काय आहे ते ऐका. मागच्या खोलीवरचे कवेलू (छपराची कौलं) सरकले आहेत, काही फुटले आहेत. पूर्वी दरवर्षी मृग लागायच्या आत माणूस यायचा आणि कवेलू फेरून द्यायचा, फुटके काढायचा, दोन रिपा बदलायचा, शेणामातीनं कोपरे लिंपायचा आणि संध्याकाळी पैसे घेऊन जायचा. आता तो माणूसही मिळत नाही आणि देशी कवेलूही सहज मिळत नाहीत. तर ते पाणी कितीतरी पावसाळे भिंतीत उतरत राहिलं, आणि भिंतीत जिथं सागवानी तुळई शिरते ना, त्या टोकाला ते मुरलं. आमच्या मिस्त्रीनं पेचकस घेऊन तुळईच्या मधल्या भागावर ठोकला तर टण् आवाज, लोखंडासारखी तुळई. तोच पेचकस भिंतीजवळच्या टोकाला टेकवला तर दांड्यापर्यंत आत गेला आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्यासोबत तपकिरी ओला भुगा आला. वरून पाहिलं तर काही दिसत नाही, रंग लावलेली छान तुळई दिसते. आत वीतभर लाकूड संपलेलं.

आणि हे असं काहून झालं तेही मिस्त्रीनंच दाखवलं. या भिंती विटा, चुना आणि मातीच्या. त्या पाणी पितात आणि सुकतात, हवा खेळती असली की काही बिघडत नाही. पण चाळीस-पन्नास वर्षांआधी सगळ्या मोहल्ल्यानंच बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारून घेतलं, तेव्हा सिमेंट म्हणजे पक्कं अशी सगळ्यांचीच समजूत. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, मग ती आतल्या आत फिरते आणि शेवटी लाकडाच्या टोकात जाऊन बसते. म्हणून इलाज काय, तर त्या भागाचं सिमेंट खरवडायचं, चुन्याचा गिलावा करायचा, तुळईचं सडलेलं टोक कापून जुन्याच सागवानाचा तुकडा खाच पाडून सांध्यानं जोडायचा, टोकाभोवती भिंतीत थोडी हवा ठेवायची, आणि वर कवेलू नीट बसवायचे. रस्त्यावरून यातलं काहीही दिसणार नाही. घराचा एक इंचही वाढणार नाही. उलट जे घर तुम्हाला जपायचं आहे ते जपण्याचा हा एकच रस्ता आहे.

आता याला परवानगी लागते. लागावी का, तर कायदा म्हणतो लागावी, आणि कायदा मी वाचला आहे, कारण वाचल्याशिवाय खिडकीवर उभं राहिलं की माणूस मूर्खच ठरतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चा. त्याचं कलम 43 साध्या घराला सूट देतं, की बाबा देखभाल-दुरुस्ती असेल, आतल्या आत काम असेल, बाहेरच्या रूपात विशेष फरक पडत नसेल तर परवानगी नको. आणि त्याच वाक्यात पुढे टाकलं आहे की हेरिटेज इमारत किंवा हेरिटेज परिसर सोडून. म्हणजे समोरच्या सिमेंटच्या बिल्डिंगवाल्यानं आतल्या खोलीची फरशी बदलली तर कोणाला विचारायचं कारण नाही, आणि मी आतली फळी बदलली तर मी अनधिकृत बांधकामवाली. बरं, हेही समजू शकते, कारण आतलं कोरीव काम लोक उपटून विकतात. पण मग आतल्या प्रत्येक खिळ्याला जर विचारायला लावता तर विचारल्यावर उत्तर द्यायची काही तरी सोय करा ना.

ग्रेडचीही तीच गोष्ट. मुंबईत 1995 मध्ये हेरिटेजचे नियम आले तेव्हापासून ही एक, दोन, तीनची विभागणी चालत आली आहे, आणि कागदावर ती मला फार शहाणपणाची वाटते. ग्रेड एकला जवळपास हातच लावायचा नाही, इमारतीचं आयुष्य वाढवायला जेवढं लागतं तेवढंच. ग्रेड दोनला जपून, आतून थोडी मोकळीक. आणि ग्रेड तीनला बऱ्यापैकी सूट, आतून बाहेरून बदल चालतात, फक्त आजूबाजूशी विसंगत दिसू नये. इतकं छान लिहिलं आहे. पण सूट आहे ती काय करता येईल याच्यात, विचारायच्या पद्धतीत काहीच सूट नाही. हायकोर्टाच्या घुमटाची दुरुस्ती असो की आमच्या मागच्या खोलीचे कवेलू, दरवाजा एकच, फॉर्म एकच, कागद तेच. सरकारी इमारतीच्या मागे बांधकाम खातं असतं, बजेट असतं, फाईल घेऊन फिरणारा पगारी माणूस असतो. महालातल्या घराच्या मागे एक रिटायर बाई असते आणि एक मिस्त्री, ज्याला उद्या दुसरीकडे काम लागलं की तो जाणार.

कागदांचं सांगते. आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मागितली. मागायलाच पाहिजे, मालक कोण हे कळलं पाहिजे. आमच्या आखीव पत्रिकेवर अजून सासऱ्यांच्या वडिलांचं नाव आहे, खाली कंसात कोणाकोणाची नावं चढली, काही चढायची राहिली, एक चुलत सासरे इंदूरला गेले ते गेलेच, त्यांची मुलं कुठं आहेत ते फेसबुकवर दिसतं पण सहीला येत नाहीत. हे महालात, इतवारीत घरोघरी आहे, भाऊबंदकी म्हणा की आळस म्हणा. सगळ्या सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय फाईल पुढे जात नाही. घर विकायचं असेल, पाडून स्कीम टाकायची असेल तर संमती पाहिजेच, त्यात वादच नाही, पण गळणारं पाणी थांबवायलासुद्धा इंदूरची सही? कोणता हिस्सेदार कोर्टात जाऊन म्हणेल की माझ्या हिश्श्याचं पाणी यांनी माझ्या परवानगीशिवाय थांबवलं?

मग नकाशे. मोजमाप घेऊन काढलेले, आर्किटेक्टच्या सहीचे. आम्ही आर्किटेक्ट केला, पोरगा चांगला आहे, त्यानं मनापासून केलं, पण त्याची फी आणि स्ट्रक्चरल इंजिनियरच्या दाखल्याचा खर्च धरला तर मिस्त्री, सुतार, लाकूड, चुना सगळं मिळून जेवढं बिल होतं त्याच्या वर गेलं. जखमेपेक्षा पट्टी महाग. आणि नकाशा अपलोड करायचा ते पोर्टल नव्या बांधकामासाठी बनवलेलं. त्याला प्लॉटच्या चारही बाजूंची सामासिक अंतरं, म्हणजे सोडलेली मोकळी जागा, पाहिजेत, जिथं आमची आणि शेजाऱ्याची भिंत एकच आहे. त्याला पार्किंग दाखवायला पाहिजे, जिथं गल्लीत समोरासमोरून दोन स्कूटी आल्या तर एकीला मागे घ्यावं लागतं. कामाच्या प्रकारात नवीन बांधकाम आहे, वाढीव बांधकाम आहे, पुनर्बांधणी आहे. शेवटी आमच्या आर्किटेक्टनं ‘वाढीव बांधकाम’वर टिक केली कारण काहीतरी टिक केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मग त्यावर त्रुटी निघाली की अर्जदारानं वाढीव क्षेत्र दर्शवलेलं नाही. हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

आणि त्रुटी निघाली की काय होतं ते पण सांगते, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नाही. त्याच कायद्याच्या कलम 45 मध्ये साठ दिवस लिहिले आहेत, तेवढ्यात उत्तर नाही आलं तर नियमात बसणारी परवानगी मिळाली असं मानायचं. ऐकायला केवढं गोड. पण साठ दिवस मोजायचे ते अर्जाच्या तारखेपासून किंवा त्रुटीला उत्तर दिलं त्या तारखेपासून, जी नंतरची असेल ती. म्हणजे एक त्रुटी काढली की मोजणी परत एकपासून. सगळ्या त्रुटी एकाच वेळी काढायच्या असं कुठं लिहिलेलं नाही, म्हणून त्या एकेक निघतात, जशी पोतडीतून वस्तू निघावी तशी. तोवर आखाड सरतो, श्रावण येतो, पोळा येतो, गल्लीतून मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते आणि लोक ओरडून ओरडून इडा पिडा घेऊन जा म्हणतात, तेव्हा मनातल्या मनात मी माझी फाईल पण त्यांच्यासोबत पाठवते.

सगळ्यात भारी तर पुढे आहे. पावसाळ्याआधी दरवर्षी शिकस्त घरांना नोटीस वाटतात, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली. घर धोकादायक दिसतं, दुरुस्त करा, आधार द्या, नाहीतर उतरवून घ्या, काही झालं तर जबाबदारी तुमची. नोटीस बरोबरच आहे हो. घर पडून माणसं जातात, त्यात कोणी मस्करी करू नये. पण मला एका खणात दोन कागद ठेवावे लागतात, एक म्हणतो ताबडतोब दुरुस्त करा, दुसरा म्हणतो परवानगीशिवाय हात लावाल तर कारवाई. दोन्हीवर एकाच राजमुद्रेखालचा कारभार. दोन्ही कागदांचा एकमेकांशी परिचय नाही. मी नोटीस देणाऱ्याला म्हटलं की भाऊ, दुसऱ्यांना सांगा ना की हिला दुरुस्त करू द्या, तर तो म्हणे आमचा विषय वेगळा. परवानगीवाल्यांना नोटीस दाखवली तर ते म्हणे मग तर तुम्ही आधी स्ट्रक्चरल ऑडिट जोडा.

आता ते वाट पाहण्याचं. आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे आणि मोठ्यानं कोणी बोलत नाही ते मीच बोलते. जुनं घर पाडायची परवानगी मिळणं अवघड आहे, पण जुनं घर आपोआप पडलं तर कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून काही लोक काय करतात, वरचे दहा-वीस कवेलू काढून ठेवतात, नाहीतर फुटलेले तसेच राहू देतात, आणि मग घराचं बाकीचं काम पाऊस करतो. चार-पाच पावसाळ्यांत माडी बसते, मग तोच धोकादायकवाला कागद कामाला येतो, मग घर उतरतं, मग तिथं खाली दुकानं आणि वर फ्लॅटचं बोर्ड लागतं. नियम मोडला का? कुठंच नाही. आणि जो प्रामाणिकपणे कवेलू बदलायला परवानगी मागायला येतो तो खिडकीपुढे उभा. तुमच्या पद्धतीनं पाडणाऱ्याला सोपं आणि जपणाऱ्याला अवघड करून ठेवलं आहे. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे, बाकीचं पत्र नाही वाचलं तरी चालेल.

तुम्ही म्हणाल एवढं काय त्या घरात. सांगते. भोसल्यांचा इथला राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यात लाकडावरचं कोरीव काम भरपूर होतं असं जुन्या गॅझेटियरात लिहून ठेवलं आहे. तो 1864 मध्ये जळाला, मोठा दरवाजा तेवढा उरला. म्हणजे ज्या सुतारांच्या पिढ्यांनी ते काम केलं त्यांच्या हाताची जात पाहायची तर राजाच्या घरी जाऊन उपयोग नाही, आजूबाजूच्या साध्या घरांतच पाहावी लागते, कारकुनांच्या, भिक्षुकांच्या, सराफांच्या घरांत, ज्यांनी राजाचं पाहून आपापल्या ऐपतीप्रमाणे चार खांब आणि एक महिरप करून घेतली. आमच्या सपरीच्या खांबाला वर केळफूल कोरलं आहे, एका खांबावरचं नीट भरीव आहे आणि शेजारच्यावरचं जरा घाईतलं, पाकळ्या नुसत्या रेघा ओढून सोडलेल्या. सासूबाई म्हणायच्या पैसे संपले असतील. असली गंमत पर्यटनाच्या माहितीपत्रकात येत नाही. झिरो माईल येतं, दीक्षाभूमी येते, अजब बंगला येतो, आणि यायलाच पाहिजे. पण शहर त्याच्यामधल्या गल्ल्यांतही असतं ना.

आणि रस्त्याला जेव्हा जागा पाहिजे असते तेव्हा हे सगळं कुठं जातं? केळीबाग रोड रुंद करायला निघाले तेव्हा त्या रस्त्यावरच्या जुन्या इमारतींचे दर्शनी भाग गेलेच. रस्ता नको होता असं म्हणत नाही, तिथली गर्दी मी रोज सोसली आहे. पण सरकारला दहा फूट पाहिजे असले की जुनं घर अडथळा, आणि मला दहा फुटांची तुळई जोडायची असली की तेच घर अमूल्य ठेवा, हे जरा पचत नाही.

लाकडाचं पण ऐका. अख्ख्या देशाला माहीत आहे की चांगलं सागवान म्हणजे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचं. बल्लारपूरचं सागवान 2023 मध्ये वाजतगाजत अयोध्येला गेलं, नव्या संसदेच्या इमारतीलाही नागपूरहून सागवान गेलं, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ज्या गावातून ते जातं त्या गावातल्या घराच्या एका टोकासाठी हातभर जुनं सागवान बसवायला एवढं का लागावं. जुन्या घरांचं लाकूड उतरलं की ते कुठं जातं तेही पाहा कधी, कोरीव खांब हॉटेलांत आणि फार्महाऊसच्या गेटवर जातात, साध्या तुळया कापून फर्निचरमध्ये जातात. आपल्याच मोहल्ल्यात दुसऱ्या घराच्या दुरुस्तीला त्या मिळाव्यात अशी काहीच सोय नाही.

मधेच एक कूलरचं विचारते, कारण मला खरंच उत्तर पाहिजे. नियम म्हणतो बाहेरचं रूप बदलायचं नाही. नागपुरात मार्च सरला की प्रत्येक खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर एक भला मोठा पत्र्याचा कूलर चढतो आणि पाऊस येईपर्यंत खाली उतरत नाही, आणि तो न चढवता इथं जगणं शक्य नाही, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की खसच्या ताट्यांनी काही भागत नाही. माझ्या सज्जाचं अर्धं कोरीव काम वर्षातले चार महिने कूलरमागे असतं. याची परवानगी कोणी घेतली नाही, कोणी मागितली नाही, कोणी नोटीसही दिली नाही, आणि देऊही नका बाप्पा. मला एवढंच म्हणायचं आहे की जिथं डोळ्यांना दिसणारा बदल होतो तिथं तुम्ही समंजसपणे डोळेझाक करता, म्हणजे समंजसपणा तुमच्याजवळ आहे, तो फक्त कवेलूंपर्यंत पोचवायचा आहे.

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. आमच्याच गल्लीत एकानं दुरुस्तीच्या नावाखाली सपरी बंद करून शटर लावलं, एकानं दर्शनी भिंतीला बाथरूमच्या चकचकीत टाइल्स लावल्या, लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या. तुम्ही परवानगी नावाची वस्तूच काढून टाकली तर दहा वर्षांत इथं पाहायला काही उरणार नाही हे मला कबूल आहे. समितीवरचे लोक आपापला धंदा, नोकरी सांभाळून बसतात, त्यांच्यापुढे एकाच बैठकीत मोठ्या सरकारी इमारतींचे, मैदानांचे विषय असतात, त्यात मागच्या खोलीचे कवेलू आले तर तेही कंटाळत असतील. म्हणूनच म्हणते, हा विषय तुमच्या बैठकीत यायलाच नको.

कसं करता येईल? मला सुचतं ते सांगते, मी काही तज्ज्ञ नाही, पण घर मी सांभाळते. समितीनं एकदाच बसून दोन पानांचा एक कागद काढावा, फोटोंसकट, मराठीत, की ग्रेड तीनच्या घरात ही ही कामं याच पद्धतीनं केली तर परवानगी नाही, फक्त कळवणं पुरे. कवेलूच्या जागी कवेलू. सडलेल्या लाकडाच्या जागी तसंच लाकूड, त्याच जाडीचं, सांधा कुठं द्यायचा त्याचं चित्र. चुन्याच्या भिंतीला चुनाच. न्हाणीघरातला नळ, आतली वायरिंग, मोरीचा पाइप, यांना तर विचारूच नका. काम सुरू करायच्या आधी चार फोटो, झाल्यावर चार फोटो, त्याच कोनातून, झालं. ज्याला शटर लावायचं आहे, मजला चढवायचा आहे, दर्शनी भाग बदलायचा आहे, त्यानं मात्र पूर्ण वाटेनं यावं आणि त्याला चांगलं तपासा. खोटे फोटो देणाऱ्याला दंड लावा, मी स्वतः तक्रार करीन.

आणि नोटीस देणाऱ्यानं येताना एकट्यानं येऊ नये. कलम 264 ची पाहणी करायला येता तेव्हा सोबत हेरिटेज समजणारा एक माणूस आणा, आणि तिथंच उभ्या उभ्या लिहून द्या की या घराला काय केलं तर धोका जाईल. तीच नोटीस, तीच परवानगी. हे पाहणीचं काम होळीनंतर करा, मृगाच्या तोंडावर नको. जूनमध्ये कवेलू उतरवायला कोणता मिस्त्री तयार होईल? सुतारकाम, चुन्याचं काम, सगळं कोरड्या दिवसांत होतं, चुना तर आधी कितीतरी दिवस पाण्यात भिजवून ठेवावा लागतो तेव्हा तो कामाचा होतो. तुमचं कॅलेंडर आणि आमचं कॅलेंडर एकमेकांशी जुळतच नाही, परवानगी भर पावसात मिळते आणि मुदत कोरड्या दिवसांत संपते.

पैशाचं मी फार बोलत नाही, अनुदान मागितलं की लोक वेगळ्या नजरेनं पाहतात. टीडीआरचं मात्र दरवेळी कोणीतरी सांगतं, की हेरिटेज घर राखलं तर न वापरलेला एफएसआय, म्हणजे प्लॉटवर बांधायचा जो हक्क उरतो तो, टीडीआर म्हणून, म्हणजे दुसरीकडे बांधायचा हक्क म्हणून, विकता येतो. ठीक आहे, पण तो मिळवायलाही हक्क स्वच्छ पाहिजेत, परत आखीव पत्रिका, परत इंदूर. त्यापेक्षा घरटॅक्समध्ये थोडी सूट आणि एक गोडाऊन द्या. हो, गोडाऊन. शहरात जिथं जिथं जुनं घर रीतसर उतरतं तिथलं चांगलं सागवान, देशी कवेलू, जुन्या पातळ विटा, लोखंडी कड्या-कोयंडे एका जागी ठेवायचे आणि ज्याच्या घराचं नाव यादीत आहे त्याला ठरल्या भावात विकायचे. सोबत एक रजिस्टर, चुन्याचं काम येणारे मिस्त्री कोण, जुना सांधा जमणारे सुतार कोण. आमचा मिस्त्री साठी ओलांडलेला आहे, त्याच्या मुलाला हे काम यायला पाहिजे होतं पण तो म्हणतो सेंट्रिंगमध्ये रोज जास्त मिळते, आणि त्याचं चूक नाही, वर्षात अशी दोन कामं निघत असतील तर तो काहून शिकेल? कामं निघत नाहीत कारण परवानग्या निघत नाहीत, हे पण एकमेकांत अडकलेलं आहे.

बाहेरगावचं उदाहरण दिलं की काही जणांना राग येतो तरी एक देते. अहमदाबादच्या महापालिकेनं 1996 मध्येच आपला हेरिटेज सेल काढला आणि 2017 मध्ये ते शहर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. त्यात मशिदी, दरवाजे आहेतच, पण ज्या पोळांचं (तिथल्या जुन्या गल्ल्या-मोहल्ल्यांचं) एवढं कौतुक होतं ती तर राहती लाकडी घरं आहेत, आमच्यासारख्या लोकांची, त्यांच्याही घरात वाळवी असते आणि त्यांचेही भाऊ परदेशात असतात. तिथं सगळं आलबेल आहे असं कोणी म्हणत नाही. निदान घरवाल्यानं जायचं कुठं एवढं तरी ठरलेलं आहे.

आमच्या तुळईखाली सध्या मिस्त्रीनं दोन लोखंडी जॅक लावून ठेवले आहेत, स्लॅबच्या सेंट्रिंगला लावतात ते, भाड्यानं आणलेले. वर निळी ताडपत्री. त्याला परवानगी लागते का हे मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. ताडपत्री हेरिटेजला शोभत नाही हे मलाही दिसतं, गल्लीतून हेरिटेज वॉकवाले जातात तेव्हा गाइड मुलगी पोरांना आमचे खांब दाखवते आणि वर पाहू नका म्हणते.

तर वर लिहिलेल्यातलं मोठं मोठं जे आहे, दोन पानांचा कागद, एकत्र पाहणी, गोडाऊन, त्याला वेळ लागेल, बैठका लागतील, मला माहीत आहे. एक गोष्ट मात्र उद्या करता येते. ते जे पोर्टल आहे, त्याच्यात कामाच्या प्रकारांच्या यादीत ‘दुरुस्ती’ असा एक पर्याय टाकून घ्या, आणि तो निवडला की पार्किंगचा रकाना बंद होऊ द्या. त्याला ना समिती लागत ना मंत्रालय, पोर्टल सांभाळणाऱ्या कंपनीला एक ईमेल लागतो. ईमेलचा मसुदा पाहिजे असेल तर सांगा, आमच्या आर्किटेक्टजवळ तयार आहे.

आपली,
महालातली एक घरमालकीण